राजगड 15 किलोमीटरवर आहे

मराठ्यांच्या लढायांवर चित्रपट काढणारे दिग्दर्शक, निर्माते आणि कलादिग्दर्शक यांस,



तुमच्या टपालात नोटिसा बऱ्याच येत असतील. ही नोटीस नाही. माझ्या कोणत्याही भावना दुखावलेल्या नाहीत, मी कोणाचा वंशज नाही आणि तुमच्या चित्रपटाचा खेळ बंद पाडण्याइतकी माणसंही माझ्या ओळखीची नाहीत. 2015 साली ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’वरून आपल्याकडे रण माजलं. 2019 च्या डिसेंबरात ‘पानिपत’मधल्या सूरजमल राजाच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शनं झाली. ऐतिहासिक चित्रपटावरचा आपला वाद साधारण याच वाटेने जातो : कोण कोणाबरोबर नाचलं, कोणाला लोभी दाखवलं, कोणाच्या पगडीचा पेच चुकला. जमिनीच्या बाजूने मात्र कोणी भांडत नाही. जमिनीला जात नसते, घराणं नसतं आणि तिची संघटनाही नसते. म्हणून तिच्या वतीने मी चार शब्द लिहितो आहे.

तुम्ही कष्ट घेत नाही असं मी म्हणणार नाही. ‘तान्हाजी’च्या वेशभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘पानिपत’साठी नितीन देसाईंनी कर्जतला शनिवारवाडा उभा केला. 1828 च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती गेल्या. पुण्याला आज उरलाय तो तट, दरवाजे आणि जोती. तेव्हा देसाईंनी ते उभारलं नसतं तर वाडा डोळ्यांसमोर आणायला आपल्याकडे फारसं काही नव्हतं. अंगरख्याच्या बंदांसाठी तुमच्याकडे सल्लागार असतो, भाषेसाठी असतो, दांडपट्ट्यासाठी तर असतोच. डोंगरासाठी नसतो. डोंगर संगणकावर शेवटी काढला जातो, आणि कथेला जेवढा उंच हवा तेवढा काढला जातो.

सिंहगडाचंच घ्या. 4 फेब्रुवारी 1670 ला तानाजीने गड घेतला, त्या एका रात्रीवर आपल्याकडे चित्रपट निदान चार निघाले. 1923 साली बाबूराव पेंटरांनी मूकपट काढला, 1933 साली प्रभातसाठी व्ही. शांताराम यांनी बोलपट काढला, 2020 मध्ये ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ आला आणि 2023 मध्ये दिग्पाल लांजेकर यांचा ‘सुभेदार’. एकाच लढाईवर शंभर वर्षांत चार चित्रपट निघतात, याचा मला आनंदच आहे. पेंटरांनी त्या मूकपटासाठी कृत्रिम दिव्यांचा वापर केला, आणि भारतीय चित्रपटातला तो अगदी सुरुवातीचा प्रयोग मानला जातो. रात्रीची लढाई दाखवायची तर उजेड कुठून आणायचा, हा प्रश्न त्या माणसाला पडला होता. तो प्रश्न मी पुढे पुन्हा काढणार आहे.

‘तान्हाजी’च्या कथानकाचा कणा म्हणजे ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ. मोगलांचा किल्लेदार उदयभान ती कोंढाण्यावर, म्हणजे सिंहगडावर, चढवतो, कारण तिथून राजगडावर मारा करायचा आहे. ही तोफ इतिहासात नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. काल्पनिक तोफ आणण्याचा तुमचा हक्क मला मान्य आहे. कादंबरीकार आणतो, शाहीर आणतो, तुम्हीही आणा. प्रश्न तोफेचा नाही, ती कुठून कुठे डागायची याचा आहे. सिंहगडापासून राजगड सरळ रेषेत सुमारे 15 किलोमीटर आहे. मधे खोरी आहेत, डोंगराच्या सोंडा आहेत. चांगला चालणारा माणूस सकाळी निघाला तर उन्हं कलताना राजगडाच्या पायथ्याशी पोचतो. सतराव्या शतकातली उत्तम तोफ दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडे भरवशाने मारा करत नसे. विजापूरची मलिक-ए-मैदान, तिचं वजन पन्नास टनांच्या वर सांगतात, ती कशीबशी ओढून सिंहगडावर नेली असती तरी तिचा गोळा राजगडाच्या आसपासही पडला नसता. म्हणजे ज्या धोक्यासाठी तानाजी मुलाचं लग्न टाकून निघतो, तो धोका तुमच्या चित्रपटात जमिनीनेच रद्द केलेला आहे. दोन्ही गड पाहिलेला प्रेक्षक थिएटरात बसून मनात म्हणतो, ‘डागू दे की!’

या चित्रपटानंतर गडावर आलेली मुलं ‘नागीण कुठे ठेवलीय’ म्हणून विचारतात. त्यांना खरं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, आणि सांगणारा माणूस त्यांच्या लेखी खलनायक ठरतो. असो.

आता तेच 15 किलोमीटर दुसऱ्या बाजूने बघा. कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 च्या सुमारास जिंजीला बखर लिहिली. घटनेला तेव्हा पाव शतक उलटून गेलं होतं, म्हणून तिच्यातली प्रत्येक ओळ डोळे झाकून घ्यावी असं नाही. पण गड घेतल्यावर मावळ्यांनी पागेच्या छपरांना आग लावली आणि त्या उजेडावरून राजगडावर महाराजांना गड आल्याचं कळलं, असं सभासद सांगतो. हे भूगोलात चपखल बसतं. तोफेचा गोळा जिथे पोचत नाही, तिथे गवताच्या छपराचा जाळ पोचतो. राजगडावरून सिंहगड समोर दिसतो. माघात गवत वाळलेलं असतं, हवा कोरडी असते, आणि 15 किलोमीटरवरचा मोठा जाळ कोरड्या रात्री नुसत्या डोळ्यांना दिसतो.

आणि रात्र कशी? तिथी माघ वद्य नवमी. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, म्हणजे पूर्वरात्र काळीकुट्ट. इथे एक सापळा आहे, तो तुमच्या संशोधन विभागाच्या कानावर घालून ठेवतो. आपण सांगतो ती 4 फेब्रुवारी जुन्या, ज्युलियन कालगणनेतली आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस 14 फेब्रुवारी येतो. कोणी उत्साहाने संगणकात ग्रेगोरियन 4 फेब्रुवारी 1670 घालून चंद्र बघितला, तर त्याला पौर्णिमेच्या आसपासचा टपोरा चंद्र मिळेल, आणि मावळे कड्यावर लख्ख चांदण्यात चढताना दिसतील. पहारेकऱ्यांनी काय डोळे मिटले होते? तिथीवरून गेलात तर फसणार नाही. पंचांग बघणारी घरातली एखादी आजीसुद्धा हे सांगू शकते.

आता या सगळ्याची गोळाबेरीज तुम्हीच करा. वर काळोख. कडा हातांनी चाचपत चढायचा. राजगडावर एक माणूस जागा आहे, त्याला लढाईतलं काहीही दिसत नाही, काहीही ऐकू येत नाही, मदतही धाडता येत नाही. धाडली तरी पोचेपर्यंत उजाडेल. आणि मग उत्तरेला एक ठिणगी दिसते. ती आपल्या माणसांनी लावलेली आहे की शत्रूने, हे त्याला ठाऊक नाही, किंवा कदाचित आधीच ठरलेली खूण असल्याने ठाऊक आहे. ते पटकथाकाराने ठरवावं. असा प्रसंग खऱ्या नकाशाने फुकटात तुमच्या हातावर ठेवला होता. त्याच्या जागी तुम्ही तोफ आणली. माझी तक्रार इतिहास मोडल्याची कमी आणि नाट्य वाया घालवल्याची जास्त आहे.

कड्याबद्दलही थोडं बोलतो, कारण सह्याद्रीचा कडा पडद्यावर मला अजून क्वचितच दिसला आहे. आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. त्यामुळे तो पायऱ्यापायऱ्यांनी उभा राहतो : एक ताशीव भिंत, मग गवताळ उतार, पुन्हा भिंत, पुन्हा उतार. चढणाऱ्याला दम खायला जागा मिळते, पण त्याच जागेवर वाळलेलं गवत पायाखालून सरकतं आणि सुटा दगड गडगडत जाऊन सगळं बिंग फोडतो. सह्याद्रीत चढणाऱ्याची खरी भीती या गवताची असते, उंचीची त्यामानाने कमी. पडद्यावरचा कडा मात्र बहुधा एकसंध, गुळगुळीत आणि ढगांत शिरलेला असतो. तो आल्प्समधला असू शकतो, सिंहगडाच्या डोणागिरीचा नाही. सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 1,300 मीटर आहे, पण त्यातली बरीचशी पायवाटेने चढायची असते. शेवटचा कडा त्यामानाने लहान, आणि म्हणूनच काही निवडक माणसं रात्रीत दोराने वर जाऊ शकली. तुम्ही कडा दसपट केलात की पराक्रम दसपट होत नाही. तो जादू होतो.

‘मग आम्ही काय प्रत्येक चित्रपट खऱ्या जागी जाऊन काढायचा?’ असं तुम्ही विचाराल. नाही. माझं म्हणणं जवळजवळ उलट आहे.

युद्धपट खऱ्या जागी निघालाच पाहिजे असा जगात कुठेही नियम नाही, आणि चांगले युद्धपट बऱ्याचदा परक्या जमिनीवर निघालेले आहेत. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधला नॉर्मंडीचा किनारा आयर्लंडमधल्या वेक्सफर्डजवळचा आहे. रिचर्ड ॲटनबरोंनी 1977 साली ‘अ ब्रिज टू फार’ काढला, तेव्हा नेदरलँड्समधल्या आर्नहेमचा पूल त्यांना चालला नाही. युद्धात तो पाडला गेला होता, नंतर पुन्हा बांधला. पण भोवतीचं शहर नवं झालं होतं. म्हणून त्यांनी डेव्हेंटर या दुसऱ्याच गावातला तसाच दिसणारा पूल घेतला. पूल दुसरा, नदीही दुसरी. तरी तो चित्रपट जमिनीशी प्रामाणिक आहे, कारण 1944 च्या सप्टेंबरात ब्रिटिश छत्रीधारी सैनिक आर्नहेममध्ये का हरले याचं एक मोठं कारण त्याने धरून ठेवलं : त्यांना पुलापासून जवळजवळ दहा किलोमीटर लांब उतरवलं होतं. ते अंतर चालत, अडत, वाट चुकत कापताना त्यांचा वेळ गेला, थोडेच लोक पुलाशी पोचले आणि बाकीचे कधी पोचलेच नाहीत. पूल खोटा चालतो. अंतर खोटं चालत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला 1965 चा ‘बॅटल ऑफ द बल्ज’ आहे. मूळ लढाई 1944 च्या डिसेंबरातली, बेल्जियम-लक्झेंबर्गच्या आर्देन जंगलातली. बर्फ, धुकं, झाडी, अरुंद रस्ते. जर्मनांनी ती जागा आणि तो मोसम निवडला याला कारण होतं. खराब हवेत दोस्त राष्ट्रांची विमानं उडू शकणार नव्हती. चित्रपट निघाला स्पेनमध्ये, आणि शेवटची रणगाड्यांची लढाई होते उघड्यावाघड्या, कोरड्या, पिवळट माळावर. ते बघताना जर्मनांनी हल्ला का केला हेच कळेनासं होतं. लढाईचं कारण जिच्यात होतं ती जमीनच चित्रपटाने काढून टाकली.

माझ्या आवडीचं उदाहरण वॉटर्लूचं आहे. सर्गेई बोंदार्चुक यांनी 1970 चा ‘वॉटर्लू’ बेल्जियममध्ये काढला नाही. सोव्हिएत युक्रेनमध्ये उझहोरोद गावाजवळ काढला. सोव्हिएत लष्कराचे हजारो सैनिक त्यात पायदळ आणि घोडदळ म्हणून उतरले, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांनी जमिनीवर केलेली मेहनत. टेकड्या बुलडोझरने सपाट केल्या, हजारो झाडं आणून लावली, शेतात राय आणि बार्ली पेरली, आणि चिखल हवा म्हणून पाण्याचे नळ टाकले. चिखल का हवा? कारण आदल्या रात्री पाऊस पडला होता, नेपोलियनने जमीन वाळण्याची वाट पाहिली, त्यात त्याची सकाळ गेली आणि तेवढ्या वेळात प्रशियन सैन्य जवळ आलं, असं इतिहासकार सांगत आले आहेत. म्हणजे चिखल हे त्या लढाईतलं एक पात्र होतं आणि बोंदार्चुकनी त्याला भूमिका दिली.

आणि खरं वॉटर्लू? तिथे 1826 मध्ये सिंहाचा पुतळा वर असलेला चाळीसेक मीटर उंच मातीचा ढीग उभा राहिला. स्मारक म्हणून. त्यासाठी लागलेली माती रणांगणातूनच खणली, आणि वेलिंग्टनने ज्या उंचवट्याच्या आडोशाला आपलं सैन्य लपवलं होतं त्याचाच आकार बदलून गेला. तेव्हा लढाईचा भूगोल बघायचा तर वॉटर्लूला उभं राहिलेल्या माणसापेक्षा उझहोरोदचं चित्रण बघणाऱ्याला तो जास्त नीट दिसण्याची शक्यता आहे. खरी जागा आणि खरा भूगोल या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

आमच्या सिंहगडाचंही थोडं तसंच झालंय. वर टीव्हीचा मनोरा आहे, गाडीरस्ता आहे, टिळकांचा बंगला आहे, आणि रविवारी पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही विकणाऱ्यांची रांग आहे. (दह्याबद्दल माझी काही तक्रार नाही.) म्हणून मी तुम्हाला सांगतो : कृपा करून चित्रीकरणाचा सगळा लवाजमा घेऊन गडावर येऊ नका. जनरेटर, दिव्यांचे खांब, शेकडो माणसांचं जेवण, प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोलचे बुरूज आणि ते टिकवायला ठोकलेले खिळे, हे सगळं सोसण्याच्या स्थितीत आपले गड नाहीत. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. राजगड आणि पन्हाळा त्यांत आहेत, सिंहगड नाही. किल्ला घेताना त्यांनी त्याच्या भोवतीचा मुलूखही हिशेबात धरला आहे, लढण्यासाठी वापरलेली भूमी म्हणून. तुम्हीही तेवढं धरलंत तरी पुष्कळ.

संगणक तुमच्या हाताशी आहेच, तर त्याला आधी खरा डोंगर द्या. 2000 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने पृथ्वीच्या बऱ्याच भागाची उंची मोजली. ती माहिती फुकट मिळते. दर तीस मीटरला एक आकडा. एवढ्या जाळीतून कडा नीट दिसणार नाही, भिंत उतारासारखी भासेल. तिथे रीतसर परवानगी काढून ड्रोनने फोटो घेऊन आकार बांधावा लागेल. पण सिंहगड कुठे आहे, राजगड कुठे आहे आणि मधे काय आहे, हे त्या फुकटच्या आकड्यांतून दुपारभरात कळतं. मग दुपारभर खर्च करायला काय हरकत आहे? तुमच्या एका गाण्याच्या घागऱ्यांपेक्षा ते स्वस्त पडेल.

पावनखिंडीच्या बाबतीत तर संगणकाचीही गरज नाही, पाय पुरतात. पन्हाळा ते विशाळगड ही वाट आजही आषाढात शेकडो लोक चालतात. गुडघाभर चिखल, जळवा, ओढ्यांना पूर. दिवसा, पोटभर न्याहारी करून, दोन दिवस मोडतात. 1660 च्या जुलैत महाराजांना घेऊन मावळे रात्री निघाले, पालखी खांद्यावर, मागे पाठलाग. त्या रात्री आषाढी पौर्णिमा होती. म्हणजे सिंहगडाच्या उलट : चंद्र पूर्ण, पण वर पावसाळी ढग. अशा रात्री काळोख होत नाही, सगळीकडे एक राखाडी, सावली नसलेला उजेड पसरतो, त्यात वाट दिसते पण खोली कळत नाही. आषाढात रात्री चाललेल्या कोणालाही विचारा. पडद्यावर मात्र सिंहगडाची रात्र आणि पावनखिंडीची रात्र एकाच निळ्या दिव्यात निघते. लाल महाल, आग्रा, काहीही असो, रात्र म्हणजे निळी. बाबूराव पेंटरांकडे आयते दिवे नव्हते म्हणून त्यांना विचार करावा लागला. तुमच्याकडे दिवे इतके आहेत की विचार करावा लागत नाही.

पानिपतचा मामला वेगळा. तिथे डोंगर नाही हीच सगळ्यात मोठी गोष्ट. मैदान सपाट, आडोसा नाही, आणि दख्खनी घोडेस्वाराला पळवून, दमवून, डोंगरात शिरून लढायची सवय, त्याने तिथे समोरासमोर उभं राहायचं. 1760 च्या ऑक्टोबरात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठ्यांच्या दक्षिणेला, दिल्लीच्या बाजूला येऊन बसला. मराठे उत्तरेला अडकले, रसद तुटली. म्हणजे 14 जानेवारी 1761 ला सदाशिवरावभाऊ निघाले ते दक्षिणेकडे, घराच्या दिशेने. जानेवारीत त्या अक्षांशावर सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच राहतो आणि भर दुपारीही डोक्यावर येत नाही. मराठ्यांच्या डोळ्यांत ऊन, अफगाणांच्या पाठीवर ऊन. एवढी एक गोष्ट छायालेखकाने सांभाळली असती, प्रत्येक मराठा चेहऱ्यावर समोरून ऊन आणि प्रत्येक अफगाण चेहरा सावलीत, तर प्रेक्षकाला न सांगता कोण कुठे उभा आहे आणि कोण कुठे अडकला आहे हे कळलं असतं. लढाईच्या दृश्यांत आपण सगळे हरवतो याचं कारण गर्दी नाही. दिशा नसते म्हणून हरवतो.

आणि हे फक्त शिवकाळ-पेशवाईच्या चित्रपटांचं दुखणं आहे असं समजू नका. 1997 च्या ‘बॉर्डर’मध्ये लोंगेवालाची लढाई आपण सगळ्यांनी अंगावर काटा आणून पाहिली. चित्रपट बराचसा बिकानेरकडे निघाला. लोंगेवाला जैसलमेर जिल्ह्यात. वाळू वाळूच, तक्रार नाही. पण 4 डिसेंबर 1971 च्या त्या रात्रीची मूळ गोष्ट उजाडण्याची वाट बघण्याची आहे. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं. चौकी एका वाळूच्या उंचवट्यावर होती, पाकिस्तानी रणगाडे मऊ वाळूत रुतले, आणि मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या शंभर-सव्वाशे जणांनी तेवढी रात्र काढली. सकाळी विमानं आली आणि उघड्या वाळवंटात लपायला जागा नसलेल्या रणगाड्यांचं काम संपलं. चौकीवरचे दोन जवान शहीद झाले. चित्रपटात मात्र एकामागून एक पडतात. जमिनीने आणि वाट बघण्याने जिंकलेली लढाई पडद्यावर रक्ताने जिंकावी लागली. ज्यांनी आपली माणसं जिवंत परत आणली, त्या अधिकाऱ्यांच्या कामगिरीचं मोल त्याने वाढतं की घटतं, हे मला तुम्हीच सांगा.

‘आम्ही इतिहासाचं पुस्तक काढत नाही’ हे तुमचं उत्तर मला पाठ आहे, आणि ते खरंही आहे. सुरुवातीच्या पाटीवर बारीक अक्षरांत ‘सर्जनशील स्वातंत्र्य घेतले आहे’ असं तुम्ही लिहिता. ती पाटी वकिलासाठी असते, प्रेक्षकासाठी नसते. वाचून होण्याआधी जाते. माझी मागणी तिच्या जागी दुसऱ्या पाटीची आहे. चित्रपट संपला की, नावं वर सरकायला लागण्याआधी, एक पान थांबवा. त्यावर खरा नकाशा दाखवा. लढाई इथे झाली. आम्ही चित्रीकरण इथे केलं. हे अंतर मुळात इतकं आहे. तोफ आमची कल्पना आहे. अर्धं मिनिट. पॉपकॉर्नचा डबा खुर्चीखाली ठेवून लोक उठेपर्यंत तेवढा वेळ जातोच, आणि मुलं ते वाचतात, हे मी गडावर येणाऱ्या मुलांवरून सांगतो.

दुसरी मागणी पैशाची आहे, म्हणून अवघड आहे. चित्रपटासाठी तुम्ही गडाची मोजणी केलीत, ड्रोनने आकार बांधलात, वाड्याचे आराखडे काढलेत, तर चित्रपट चालला की पडला हे बघून झाल्यावर ती सगळी सामग्री राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आणि एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे द्या. तुमच्या हार्ड डिस्कवर ती तशीही पुढच्या चित्रपटाच्या आत पुसली जाणार. देसाईंच्या शनिवारवाड्यामागे जो अभ्यास होता तो मूळ वाड्याच्या तटाआत फिरणाऱ्याला बघायला मिळाला तर त्या जोत्यांचा काही अर्थ लागेल. आज लोक तिथे सेल्फी काढतात आणि वाडा कुठे आहे असं विचारतात.

तिसरी मागणी तुमच्यापैकी जो कोणी यापुढे सिंहगडावर पाचवा चित्रपट काढणार आहे त्याच्याकडे. काढणार आहेच कोणीतरी. पटकथा लिहायला बसण्याआधी माघ वद्य नवमीला राजगडावर मुक्कामाची परवानगी मिळते का ते बघा, आणि परवानगी नाही मिळाली तर पायथ्याच्या गावात राहून पहाटे वर जा. सिंहगड कोणत्या दिशेला दिसतो आणि किती मोठा दिसतो हे लेखकाने, छायालेखकाने आणि संगणकावर डोंगर काढणाऱ्या मुलाने तिघांनी मिळून बघावं. त्या मुलाला नक्की न्या. बाकीच्या दोघांनी गड आधी पाहिलेला असतो.

आपला,
तिकीट काढून येणारा एक गडकरी
पुणे